डावीकडचं बटण

बाबा: ...हाका मारू नकोस गं, आलो. वरची कडी अडकते, तिला आधी गोंजारावं लागतं. हं, सुटली. आलीस का?

लेक: नाही. वाटेत आहे अजून.

बाबा: दर वेळी तेच उत्तर.

लेक: दर वेळी तोच प्रश्न. समोर उभी असते मी, कडेवर पोर, खांद्याला दोन पिशव्या, आणि तुम्ही विचारता आलीस का. हळू बोला, झोपलीय ती.

बाबा: ठकी झोपली? मी तिच्यासाठी दाढी केली.

लेक: दुसऱ्या मजल्यापर्यंत टकामका बघत होती. तिसरा जिना लागला आणि मान टाकली. आणि बाबा, डॉक्टरांनी आवाज जपून वापरायला सांगितलंय ना?

बाबा: परवा स्वरयंत्रच काढून घेणार आणि आज म्हणे जपून वापरा. कशासाठी जपू? उरलेला परत घेतात का कुठे?

लेक: असं काय बोलता?

बाबा: मग कसं बोलू? दोन दिवस आहेत हाताशी, शिकव.

लेक: पिशव्या कुठे ठेवू?

बाबा: बरं, चुकलो. तिला कॉटवर ठेव, भिंतीच्या बाजूला. या अंगाला उशी लाव. साळुंकी आत्ताच येऊन गेली. तुझं ते आवाज टिपायचं यंत्र बाहेर निघेपर्यंत परत येईल. तिला दुसरा उद्योग काय? गॅलरीच्या कठड्यावर बसायचं आणि साऱ्या गल्लीशी भांडायचं.

लेक: गाते ती.

बाबा: गाते?

लेक: शास्त्रात गाणाऱ्या पक्ष्यांतच धरतात साळुंकीला.

बाबा: शास्त्राला तिच्या शेजारी राहावं लागत नाही.

लेक: पण मॅडमना तीच हवीय. रोज दिसते म्हणून कुणीच जिच्याकडे बघत नाही, असा पक्षी.

बाबा: संग्रहालयात या मॅडम आल्यापासून सुविचार फार वाढलेत. आमचे साहेब फक्त विचारायचे, पेंढेमास्तर, कसर लागली नाही ना? नाही म्हटलं की निघाले. झाला का तुझा फलक लिहून?

लेक: अर्धा झालाय. वाचू? ‘डावीकडे पट्टेवाला. दूरच्या एका बेटावरचा. चण लांडग्याची, नातं कांगारूशी. पाठीवर पट्टे, पोटाला पिशवी. पिशवीचं तोंड मागच्या बाजूला.’

बाबा: बाजाराला नेली असती तर बटाटे सगळे रस्त्यावर.

लेक: बाबा! ‘त्याच्या जातीचा शेवटचा प्राणी पिंजऱ्यात मेला. आज जगात एकही नाही.’ मग उजवीकडे साळुंकी. ‘मूठभर जीव. पिवळी चोच, पिवळे पाय. जिथे माणूस तिथे ही. पिल्लू मोठ्यांचं ऐकून ऐकून आवाज शिकतं.’

बाबा: ते खोड. माझं नाही शिकली.

लेक: तुमचं काय शिकायचं तिनं?

बाबा: काही नाही. साळुंकी माणसासारखं बोलते म्हणतात ना, म्हटलं बघू. वर्ष होईल आता. कठड्यावर बसली की मी रोज एकच वाक्य म्हणतो. ती मान वाकडी करून पूर्ण ऐकून घेते आणि उडून जाते. अगदी मॅडमसारखी.

लेक: कोणतं वाक्य?

बाबा: आहे एक. पुढे वाच.

लेक: पुढे बटणं. दोघांच्या खाली एकेक बटण, दाबलं की आवाज. उजवं दाबलं की साळुंकी. डावं दाबलं की... तिथेच अडलंय. पट्टेवाल्याचा आवाज कुणी टिपलाच नाही. एक जुनी फिल्म आहे, तीही मुकी. पिंजऱ्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालतो. मध्येच एकदा एवढा मोठा जबडा उघडतो, जांभई देतो बहुतेक. तोंड उघडलेलं दिसतं, ऐकू काहीच येत नाही.

बाबा: पाहिलीय मी. तू पोटात होतीस, तेव्हा आपल्याकडचा पट्टेवाला माझ्याकडे दुरुस्तीला आला होता. जुन्या कुणा कारागिरानं भरलेला. जबडा असा फाकवलेला, दात काढलेले, बघणाऱ्याची पाचावर धारण बसावी असा. ओठाचं कातडं तडकलं होतं. मी भिजवलं, मऊ केलं आणि तोंड मिटवून टाकलं.

लेक: हे मला माहीतच नव्हतं. तो पहिल्यापासून मिटल्या तोंडाचा आहे असंच वाटायचं मला.

बाबा: साहेब भडकले. म्हणाले, लोक दात बघायला येतात, मास्तर. मी म्हटलं, साहेब, ओरडतोय असं दाखवायचं तर काय ओरडतोय ते कळायला नको? ओठ तसे वळवावे लागतात, गळा तसा फुगवावा लागतो. आवाज ठाऊक नाही, मग अंदाजानं कशाला त्याच्या तोंडी काही घालायचं? बाहेर स्टुलावर बसणारा पट्टेवाला खूश झाला. म्हणाला, बरं केलंत, आमच्या जातीनं मिटल्या तोंडीच राहावं.

लेक: आणि शेजारच्या कपाटातली साळुंकी?

बाबा: तिची चोच उघडी ठेवली. तिचा आवाज बाहेर झाडावर चालूच होता की, ऐकत ऐकत भरली.

लेक: आली! शू, बाबा!

बाबा: ...

लेक: ...

बाबा: ...

लेक: गेली. मांजर दिसलं वाटतं खाली. श्वाससुद्धा रोखून धरलात का हो? सोडा आता.

बाबा: तू शू म्हणालीस की मी बंद. आठ महिने झाले, सवय लागलीय. तुझं यंत्र कठड्याकडे होतं ना? इकडे का वळवलंस?

लेक: असंच.

बाबा: असंच म्हणे. पोटात असल्यापासून ओळखतो तुला. लाल दिवा चालू आहे त्याचा.

लेक: बाबा, पाचच मिनिटं. काहीही बोला. कसर, साहेब, बटाटे, काहीही. ठकीसाठी.

बाबा: हा माझा आवाज तरी आहे का? नुसती घरघर. गेल्या वर्षी मागायचास.

लेक: मला हाच हवाय.

बाबा: बंद कर ते.

लेक: का? तिला आठवणार नाहीये हो काही. दोन वर्षांचीसुद्धा नाही ती. मी तुमचे फोटो दाखवीन, आणि ती विचारेल, आजोबा बोलायचे कसे? मी तोंड उघडीन आणि त्या मुक्या फिल्मसारखी...

बाबा: बंद कर आधी. मग सांगतो.

लेक: केलं.

बाबा: इकडे बघ. चाळीस वर्षं मी एकच काम केलं. मेलेलं जिवंत दाखवायचं. हल्ली आत पेंढा नसतो, साचा असतो, तारा असतात, काचेचे डोळे असतात. फार हुबेहूब होतं. पोरं म्हणायची, हलला, हलला. पण एकही हलला नाही, गं. रात्रपाळीचा रखवालदार शपथेवर हलला म्हणायचा, तरीही नाही. तुझी आई गेली तेव्हा कपाटात तिची साडी घडी घालून ठेवली. तिच्यात बोळे भरून ती उभी नाही केली मी. माझ्यात पेंढा भरू नकोस.

लेक: आवाज म्हणजे पेंढा नाही.

बाबा: माझ्या धंद्यातलं मला कळतं.

लेक: आणि माझं मला कळतं. घरी गेले की मी आणि ठकी. तिचे बाबा बोटीवर, फोन लागला तर लागला. ठकी अजून एक शब्द बोलत नाही. बोट दाखवते, ओढते, रडते. डॉक्टर म्हणतात, तिच्याशी बोला, सारखं बोला. मी कामावरून जाते, कुकर लावते, आणि काय बोलू एकटीनं? भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. तुमचा आवाज असता घरात...

बाबा: उद्या तिला माझ्याकडे ठेव.

लेक: उद्या? संध्याकाळी दाखल व्हायचंय तुम्हाला.

बाबा: संध्याकाळपर्यंत मी काय करू? पिशवी भरून दाराकडे बघत बसू? पाळणाघरात नको नेऊस. इथे सोड, कामावर जा, दुपारी ये. आणि यंत्र ने.

*

कानसेन: ये. दार पूर्ण लोट. संग्रहालयाच्या या रेकॉर्डिंगच्या खोलीत हवा येत नाही आणि बाहेरचा आवाज येत नाही. पगारही येत नाही म्हणणार होतो, पण तो काल झाला. डोळे का असे?

लेक: झोप नाही झाली. कानसेन, साळुंकीची मूळ रेकॉर्डिंगं आहेत ना तुमच्याकडे? साफ करण्याआधीची?

कानसेन: मूळ? तूच म्हणालीस ना, माणसाचा कण दिसता कामा नये. एकेक धुऊन दिलंय. खुर्ची कुरकुरली, काढली. नळ टपकला, काढला. मास्तर खोकले, काढले.

लेक: आणि मूळ?

कानसेन: जागा कुठाय इथे? पुसून टाकली. एक गेल्या आठवड्यातलं आहे, अजून हात लावला नाही त्याला.

लेक: लावा ते.

कानसेन: तू इतकी घाईला का आलीस? हे घे हेडफोन, दुसरे कान घाल. हं... ही साळुंकी. तारसप्तकात भांडतेय. हे भांडं पडलं.

लेक: बाबांच्या हातून पेला पडला होता. आता बोलतील ते. त्या दिवशी काहीतरी म्हणाले होते पेल्याला.

कानसेन: थांब, वाढवतो.

लेक: ...

कानसेन: ही तू. ‘शू’.

लेक: पुढे?

कानसेन: पुढे साळुंकी. साळुंकी. साळुंकी. संपलं.

लेक: पुन्हा लावा.

कानसेन: पुन्हा तेच वाजणार. अगं, मास्तरांसारखा शहाणा माणूस नाही. गप्प म्हटलं की गप्प. आमच्या घरात मी शू म्हटलं की तीन जण विचारतात काय झालं.

लेक: आठ महिने, कानसेन. दर रविवारी गेले मी. आठ महिन्यांत त्यांचा एक शब्द नाही माझ्याकडे. माझं शू मात्र आहे.

कानसेन: उद्या ना ऑपरेशन?

लेक: उद्या सकाळी.

कानसेन: नंतर गळ्याला लावायचं यंत्र मिळतं म्हणतात. बोलता येतं.

लेक: येतं. पण तो आवाज यंत्राचा.

कानसेन: हं. बस जरा. पाणी पी. तुला एक गंमत दाखवतो, दुसरं काहीतरी डोक्यात येईल. मॅडम म्हणाल्या, डावं बटण रिकामं बरं दिसत नाही, काहीतरी बनवा. मी बनवलं. ऐक. हा पहिला पट्टेवाला.

लेक: हे कुत्रं आहे.

कानसेन: शेजाऱ्यांचं, थोडं हळू केलेलं. हा दुसरा.

लेक: दाराची बिजागरी?

कानसेन: कान तयार होतोय तुझा. हा तिसरा. ज्यांनी ऐकला होता ते सांगून गेलेत ना, कुणी म्हणतं किंचाळायचा, कुणी म्हणतं खोकल्यासारखं भुंकायचा. तर मी खोकला घेतला.

लेक: ...

कानसेन: काय झालं?

लेक: हा खोकला कुणाचा?

कानसेन: अगं... काढलेले तुकडे एका कोपऱ्यात पडले होते. माझ्या लक्षातच आलं नाही. साच्यात बसला म्हणून घेतला. खाली उतरवलाय, ताणलाय, आता तो त्यांचा राहिलासुद्धा नाही. थांब, पुसतो.

लेक: पुसा. त्यांनी त्याचं तोंड मिटवलं होतं आणि आपण त्याच्या तोंडी त्यांचाच खोकला घालायचा? नको. डावं बटण तसंच राहू दे.

कानसेन: मॅडमना काय सांगू?

लेक: सांगा, नाहीये. आवाज नाहीये म्हणून सांगा.

कानसेन: बरं बाई. मग तुझं यंत्र दे. कालची साळुंकी चढवून घेतो.

लेक: यंत्र नाही आणलं.

कानसेन: संग्रहालयाचं यंत्र घरी विसरलीस?

लेक: ठकीच्या पिशवीत आहे. दुपट्यांच्या खाली.

कानसेन: आणि ठकी?

लेक: बाबांकडे.

कानसेन: चालू आहे?

लेक: ...

कानसेन: मी काही विचारलं नाही. ही खोली आवाजबंद आहे.

*

बाबा: तू बाहेरून ढकल, मी आतून ओढतो. हं. आलीस का?

लेक: नाही. वाटेत... बाबा, आवाज कुठे गेला तुमचा?

बाबा: तळाला लागला. सकाळपासून वापरतोय.

लेक: इतकं काय बोललात?

बाबा: ते आमचं.

लेक: ठकी कुठाय?

बाबा: कॉटखाली. माझी एक चप्पल तिच्या पायात आहे, दुसरी ती शोधतेय. मी शोधून दिली की ती रागावते. दुपारी दोघं झोपलो. उठल्यावर दारादाराचा खेळ खेळलो. ती बाहेर जिन्यात, मी आत. मग मी बाहेर, ती आत. कडीला वैताग आला असेल, पण ठकीला नाही.

लेक: जेवली?

बाबा: भात खाल्ला. थोडा तिनं, थोडा कॉटनं. आणि ऐक, तिची पिशवी तिथे आहे. तू पाठ फिरवताच दुपटं काढायला हात घातला तर खाली काहीतरी कोमट लागलं. म्हटलं, झालं, हिनं पराक्रम केला. बघतो तर लाल दिवा.

लेक: बाबा...

बाबा: गॅलरीत ठेवलंय. कठड्यापाशी, बाहेर तोंड करून. बंद नाही केलं, मला ती बटणं कळत नाहीत. दार लोटून घेतलं. साळुंकी हवी होती ना तुला? आज ती भरपूर बोललीय. रागावलीस?

लेक: चोरी मी केली आणि रागवू मीच? मला लाज वाटतेय.

बाबा: लाज कसली त्यात. तुझी आई माझी जुनी बनियनं लपवून ठेवायची आणि पुसायला घ्यायची. विचारून कोण घेतं घरातलं?

लेक: मी मूळ रेकॉर्डिंगं शोधायला गेले होते. काही नाही त्यांत. सगळीकडे मी तुम्हाला शू म्हणतेय.

बाबा: मग? तू कामाला यायचीस.

लेक: मी तुम्हाला भेटायला यायचे.

बाबा: यायचीस की. माइक लावायचीस, मी गप्प बसायचो, तू साळुंकीकडे बघायचीस. मग चहा, मग ठकीची वेळ झाली म्हणून जायचीस. मला चालायचं. कुणीतरी घरात गप्प बसलंय आणि आपण एकटे गप्प बसलोय, यात फार फरक असतो.

लेक: एकदा म्हणायचं ना.

बाबा: काय म्हणू? खरं सांगू का, परवा डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी घरी येऊन मोजायला बसलो, की हा आवाज मी वापरतो किती? दूधवाल्याला ‘एक’. शेजारच्यांना ‘बरंय’. औषधाच्या दुकानात ‘हेच’. तुझी आई गेल्यापासून एवढ्यावर भागतंय. उरलेला सगळा साळुंकीला. म्हटलं, हे काढून घेतायत ते तसं पडूनच होतं की.

लेक: नका ना.

बाबा: मी ती फिल्म पाहिली होती ना, पट्टेवाल्याची. साहेबांनी दाखवली होती, अंग कसं हलतं ते कळावं म्हणून. साहेब हळहळत होते, आवाज नाही, आवाज नाही. मला वाटलं, असता तरी काय ऐकू आलं असतं? तो ओरडणार कुणाला? त्या पिंजऱ्यात त्याला ‘ओ’ देणारं कुणी नव्हतं. मी तर म्हणतो, तो कधीचा ओरडायचा थांबला असेल. कॅमेरा नंतर आला.

लेक: मी आहे ना हो.

बाबा: आहेस. म्हणून तर आज एवढा बोललो. रडू नकोस, ती बघतेय कॉटखालून. मला पाणी दे आणि पिशवी बांधायला लाग. दाढीचं सामान आतल्या खणात.

लेक: भीती वाटते का?

बाबा: वाटते. पण तू येताना दार उघडलं की काय म्हणायचं, तेवढीच.

*

(ऑपरेशनला दोन महिने झाले आहेत. तेच दार, बंद. लेक बाहेर जिन्यात उभी आहे. बाबा आतून दारावर टकटक करतात: एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही.)

लेक: बाबा, मी आले.

बाबा: टक.

लेक: कडी अडकली?

बाबा: टक.

लेक: सावकाश काढा. घाई नाही, मी पायरीवर बसते. ठकीनं त्रास दिला?

बाबा: टक टक.

लेक: खरंच नाही?

बाबा: टक.

लेक: म्हणजे दिला. माझ्याशी दारावरून खोटं बोलू नका. गळ्यावरचं फडकं बदललंत?

बाबा: टक.

लेक: जखमेपाशी खाजवलं नाहीत ना?

बाबा: ...टक टक.

लेक: हं. ऐका, आज दालन उघडलं. तुमचा पट्टेवाला डावीकडे, साळुंकी उजवीकडे, दोघांच्या मध्ये माझा फलक. बटाट्यांचं वाक्य मॅडमनी काढलं. मी घातलं होतं, हो! डावं बटण दाबलं की काहीच होत नाही. साळुंकी जेवढा वेळ वाजते तेवढाच वेळ काहीच होत नाही. पहिल्याच दिवशी तक्रार, बटण बिघडलंय. कानसेननी खाली चिठ्ठी लावली, ‘बटण चालू आहे. ऐका.’ मग एक आजी आल्या. त्यांनी बटण दाबलं आणि काचेला कान लावून उभ्या राहिल्या, शेवटपर्यंत. मागे रांग लागली, पण कुणी हटकलं नाही. नंतर त्यांनी उजवं दाबलं आणि हसत सुटल्या. म्हणाल्या, मेली ही तर आमच्या खिडकीत असते, इथे पण आली का! सुटते का कडी?

बाबा: टक टक.

लेक: नका ओढू जोरानं, हात दुखेल. बाबा, एक सांगायचंय. समोर सांगायला जमलं नाही इतके दिवस, दाराआडून जमेल. उजव्या बटणावर वाजते ती त्या दिवशीची साळुंकी आहे. तुम्ही गॅलरीत ठेवलेल्या यंत्रातली. तुम्ही खरंच एक शब्द जाऊ दिला नव्हता बाहेर. पण मी आले तेव्हा यंत्र चालूच होतं, आणि गॅलरीचं दार वाऱ्यानं किलकिलं झालं होतं. बंद करायचं तुम्हाला कळत नव्हतं ना. अगदी शेवटी, साळुंकी उडून गेल्यावर, खूप लांबून कडी वाजते. आणि मग तुम्ही. नेहमीचंच. दोनच शब्द. पुढे ते दार परत लोटलं जातं आणि त्याच्याआड सगळं पुसट होतं.

बाबा: ...

लेक: बटणावरच्या रेकॉर्डिंगमधून ते काढायला लावलं मी. माझ्याकडचं राहिलंय. एकदा ऐकलं, पुन्हा ऐकलं नाही, देवाशप्पथ. तुम्ही म्हणाला होतात, पेंढा भरू नकोस. म्हणून तुम्हीच सांगा. पुसून टाकू? मग एकदा वाजवा. ठेवू? दोनदा.

बाबा: ...

लेक: बाबा? काय ते वाजवा, मी ऐकीन. खरंच ऐकीन.

बाबा: ...

लेक: कडी काढताय की विचार करताय? हं, सुटली वाटतं. हळू, ठकी दारामागे असेल, बोट सापडेल तिचं...

ठकी: आयीश का?

लेक: ...

ठकी: आयीश का?

लेक: नाही गं राणी. वाटेत आहे अजून.